मीठ बघून

मृण्मयीनं फोनवर सांगितलं,
"मावशी, साल्सा म्हणजे फार काही नाही,
आपली कोशिंबीरच, दही न घातलेली,
फोडणीची वाट न बघणारी."
ती गंगापूर धरणाकडच्या वायनरीत नोकरीला,
तिथल्या पाहुण्यांना रोज परातभर लागते म्हणे.
ह्यांनी सगळं लिहून घेतलं,
वीजबिलाच्या मागे.

स्वयंपाक आता हे करतात.
तापात माझा वास गेला, वासाबरोबर चव.
आमटी आणि गरम पाणी
यांच्यात फरक उरला तो रंगाचा.
तीन महिने मी अंदाजानं रांधलं,
तीन महिने हे काही न बोलता जेवले,
आणि एका रविवारी
माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

देवी चौकातून टोमॅटो आणले, गिरणाऱ्याकडचे.
एकेक खिडकीच्या उजेडात धरून बघत बसले.
बत्तीस वर्षं प्रेसमध्ये, तपासणीच्या टेबलावर,
नोटांच्या तावातली चूक शोधली या माणसानं:
पुसट आकडा, हललेली रेघ.
कोट्यवधी गेले बोटांखालून,
घरी आला तो पगार.
आता टोमॅटोच्या देठाजवळ
केसाएवढी भेग दिसली, "रद्द."
"अहो, चिरायचाच आहे ना?"
"तरी."

बिया काढल्या, गर वेगळ्या वाटीत
(रात्रीच्या आमटीला होईल).
फोडी इतक्या सारख्या
की मी म्हटलं, आता शंभराचं बंडल करून रबर लावा.
कांदा पांढरा. लवंगी मिरच्या दोन.
"काड्या फेकू नका, खरी कोथिंबीर काड्यांत असते,"
बोलून गेले, आणि गप्प झाले.
जुडी नाकाशी धरून ठेवली थोडा वेळ.
ओलं. फक्त ओलं.

कांद्यानं मात्र डोळे भरले.
कांद्याला कोणी सांगितलं नव्हतं.

लिंबू पिळलं. मीठ घातलं.
ह्यांनी चमच्याच्या टोकावर घेऊन बघितलं
आणि सवयीनं
चमचा माझ्यापुढे केला, मग लक्षात येऊन
मागे घेतला.
"मला नाही कळत. बरोबर की कमी?"
नोटेला शेजारी ठेवायला नमुना असतो,
याला काय.

मी काचेचा वाडगा ओढला, तिरपा केला.
टोमॅटो अजून कोरडे, कडा ताठ,
लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखे.
"कमी आहे."
"कशावरून?"
"पाणी सुटलं नाही. आणखी एक चिमूट,
आणि आता ढवळू नका."

थांबलो.
जेल रोडवरून भंगारवाला ओरडत गेला,
परत आला.
मग वाडग्याच्या तळाशी, कांद्याच्या पांढऱ्याखाली,
एक गुलाबीसर रेघ,
मग बोटभर.
इतकी वर्षं हे डोळ्यांना येत होतं,
जिभेनं कधी बोलूच दिलं नाही त्यांना.

ह्यांनी वीजबिलावर खाली जोडलं:
मीठ, बघून.

नाचोज घरात कुठले,
कालच्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक केले.
पहिला घास. गार.
मग ओठाच्या कडेला मिरचीचा जाळ,
त्याला चवीत धरत नसावेत, म्हणून राहिला.
मग दाताखाली भाकरी मोडली,
तिच्यामागून कांदा,
आणि कांद्यामागून टोमॅटोची साल, अगदी हळू.
हे बघत होते, तावाकडे बघायचे तसे.
"कशी झालीय?"
खोटं बोलले असते तर
उजेडात धरून पकडलं असतं त्यांनी.

"छान वाजतेय," मी म्हटलं.
ह्यांनी आपला घास घेतला
आणि चावायच्या आधी
पंखा बंद केला.