समुद्राचं पार्सल

साकोलीच्या स्टँडवर पोतं उतरलं
तेव्हा कंडक्टर म्हणाला, मासोळी हाये का सर,
नागपूरपासून अख्खी गाडी नाक दाबून बसली.
मासोळी नव्हती.
वेंगुर्ल्याच्या भाच्यानं धाडलेलं शेवाळ होतं,
अकरा किलो, तपकिरी,
वाळून चामड्याच्या वादीसारखं.

अकरावीच्या पोरांनी आधी चाटून पाहिलं.
समुद्र न पाहिलेल्या चौदा जिभांवर
मीठ.
यामिनी कोडापे म्हणाली, घामच तर हाये.

तलावाच्या पाण्यात तीनदा धुतलं
तरी खारटपणा उरलाच,
सासरी नांदूनही माहेरचा हेल उरतो तसा.
चिरलं, शिजवलं, आम्लात ठेवलं,
सोडा घालून निववलं.
बेकरीतलं यीस्ट कोमट पाण्यात जागं करून
बरणीत सोडलं, तोंडाला फुगा बांधला.

एक दिवस. तीन दिवस.
फुगा लोळागोळा.
वहीत लिहिलं: निरीक्षण, काही नाही.

पाचव्या दिवशी झाडू बाजूला ठेवून
सगुणाबाई उईकेनं बरणीला कान लावला.
हे उपाशी हाये सर.
मी म्हटलं, साखर आहे की त्यात.
असंल.
पण याच्या वळखीची नसंल.

(हेच मी रात्री वाचलं होतं,
सतरा पानांत, तक्त्यांसकट.)

तुम्हाला कसं कळतं, असं
खोलीत कोणीच विचारलं नाही.
मागच्या साली तिच्या परसातली मडकी फुटली होती.
वास घेतला साहेबानं, ती म्हणाली,
लई वेळ घेतला. मंग फोडली.

पदराच्या गाठीतून तिनं मोहफुलं काढली, मूठभर.
पयले वळखीचा घास.
मंग परका.

त्या रात्री फुगा चिंचोक्याएवढा.
सकाळी पेरूएवढा.
बरणीत बारीक कुजबुज,
आणि पोरं वर्गात जायला तयार नाहीत.

शेवटी हाती आलं अर्धं झाकण.
काडी लावली. काही दिसेना.
यामिनीनं खिडक्या लोटल्या
तेव्हा कुठे दिसली ती निळी,
जळतेय की नाही अशी.

पण जळलं काय?
समुद्र, की इथल्याच रानातली मूठ?
दोन्ही एकाच बरणीत घातले, चूक माझीच.
सगुणाबाईनं उरलेला थेंब नाकाशी नेला,
डोळे मिटले.
मोह हाये, म्हणाली.
अन् त्याच्यामागं आणखी का तरी हाये,
लई मोठं, वल्लं.
त्याले का म्हणतेत मले नाई मालूम.

निष्कर्षाच्या रकान्यात
मी अजून काही लिहिलेलं नाही.
पोत्यात सहा किलो उरलंय.
पावसाळी हवेत ते आपोआप मऊ पडतं.