वृंदाची घागर

टपाल गल्लीतल्या बाईंनी घागर दिली.
पैसे विचारले, तर हात झटकला.
"ने नुसती. एका अंगाला पोचा आहे,
पण गळत नाही."

घरी आणून राखेनं घासली,
तेव्हा काठाखाली टिंबाटिंबांची अक्षरं वर आली:
चि. सौ. कां. वृंदास,
मामाकडून, मंठा, १२-५-९१.

परत द्यायला गेले.
"नाव आहे हो तुमचं हिच्यावर."
बाई दारातच थोड्या हसल्या.
"मामा गेला. मंठ्याचं घर गेलं.
पाणी धरते ना?
मला आता भरलेली उचलत नाही बाई."
वर एक झाकणही दिलं,
दुसऱ्याच कुठल्या डब्याचं.

जालन्यात आमच्याकडं नळ आठव्या दिवशी.
मधे टँकर. तिथं माणसं नाही,
भांडीच उभी असतात रांगेत
आणि बाया भिंतीच्या सावलीला.
काल पाइप धरलेली नवी पोरगी
घागर वाचून ओरडली,
"ओ वृंदाबाई, तुमचा नंबर!"

मी हलिमा.
ओढणी खोचली, म्हटलं, "आले, आले,"
आणि भरलेली घागर कमरेवर घेतली.

पोचा बरोबर तिथंच बसतो.