लिंबाच्या बिया

मरोळच्या आमच्या किचनमध्ये
अंतर किलोमीटरवर मोजत नाहीत.
दीड तासाच्या आत असेल तर सँडविच,
दोनच्या पुढे गेलं की गरम पुलाव,
त्याहून लांब असेल तर
कागदी वाटीत काहीतरी गोड.
गोवा म्हणजे बिस्किटं आणि पाणी.
नागपूर म्हणजे कटलेट.
गुवाहाटीला गोड लागतं.

दोन हजार किलोमीटर, पाष्टे म्हणाले,
वर थोडं. जाताना तीन तास पाच मिनिटं,
येताना साडेतीन.
रस्ता तोच ना, मग येताना जास्त का?
वारा समोरून असतो, म्हणाले,
आणि गाजराचे डबे मोजायला लागले.

प्रणिताला तिकडे नोकरी लागली तेव्हा
मी नकाशा नाही पाहिला.
ट्रॉलीवरची चिठ्ठी पाहिली.

आज तिचं विमान माझ्या पाळीत आलं.
पहाटे दारातून मीच म्हणाले, येते.
अंथरुणातूनच ती हसली,
"जातेय मी, आणि येते तू म्हणतेस."
मग कूस बदलून म्हणाली, "मीपण येते."

एकशे चौसष्ट ट्रे.
त्यातला तिचा कुठला, ते कुठेच लिहिलेलं नसतं.
आत शिरताना बांगड्या उतरवतो आम्ही,
सेफ्टीपिनसुद्धा बाहेर राहते.
पदराला बांधून एखादा लाडू न्यावा
तर पदरच नाही,
पांढरा कोट, तोही बिनखिशाचा.

लहानपणी वरणभातात लिंबाची बी आली
की ती ताट सरकवायची. कडू, म्हणायची,
आणि दिवसभर तोंड तसंच.
म्हणून प्रत्येक फोडीतल्या बिया
सुरीच्या टोकानं काढत बसले.
मर्सी म्हणाली, वेड लागलंय का,
खाली गाडी उभी आहे.
मग शेवटच्या चाळीस तिनं काढल्या,
शिव्या देत.

विमानं इथून पश्चिमेला उडतात.
पूर्वेला जायचं असलं तरी
आधी समुद्रावर जायचं, मग वळायचं.
इतकी वर्षं इथे आहे,
हे आज पहिल्यांदा टोचलं.

पाच वाजता फोन आला.
"पोचले कधीच. अंधार पडला इथे, दिवे लागले."
आताच?
"डिसेंबर आहे ना, आई."
तिच्या घड्याळात पाच, माझ्याही पाच,
आणि माझ्या ओट्यावर ऊन
अजून मिक्सरच्या वायरीलासुद्धा टेकलेलं नाही.

जेवलीस?
"झोप लागली गं.
जाग आली तर शेजारचे काका
माझंही लिंबू पिळत होते."

बरं, म्हटलं. बियांचं काही बोलले नाही.
काका कुठले, तेवढं विचारलं.
"काय माहीत," ती म्हणाली,
"पण चांगले होते. वाटीतलं गोड
माझ्यासाठी ठेवलं होतं त्यांनी."