सावकाश

फोटोत काळं हुतं, लिंबाएवढं,
उजव्या जबड्याच्या हाडात.
आणि काळ्याच्या तळाला दात, आडवा,
आडात पडलेल्या कळशीगत.
न उगवलेला. पक्का. माझ्या समर्थचा.

"काढूनच टाका की बाई," मी म्हटलो,
"आड बी, कळशी बी. एकदाच काय ते."
वडगावात माग थांबला की मजुरी थांबती.

हिरेमठ बाईंनी सहीचा कागद घेतला,
कानडीतला, उलटा केला,
आणि कोऱ्या पाठीवर पेनानं
आड काढला, कळशी काढली,
आडाच्या काठाला एक खिडकी काढली.
"एवढंच कापणार. हितनं पाणी जाऊ दे.
आतला दाब गेला की तळातनं हाड भरत येतंय,
कळशी आपली आपण वर."
"किती दिवस?"
"सावकाश बरतैति."
ह्यातला सावकाश कानडी की मराठी,
मी इचारलो न्हाई.
दोन्हीकडं तेवढाच येळ लागतोय.

त्याच्या आधी कापसाला गार फवारा मारून
आजूबाजूचा एकेक दात शिवला.
लागलं? लागलं.
लागलं? लागलं, आई गं!
लागलं?
समर्थ गप.
जो ओरडत न्हाई त्याचीच काळजी जास्त, म्हणाल्या.
त्याची मुळी साफ करून भरली, पण ठेवला.
दुधाची दाढ तेवढी गेली,
आडावर झाकण होऊन बसली हुती.
गॉजमध्ये गुंडाळून माझ्या हातात दिली,
अर्ध्या चिंचोक्याएवढी.
मागाच्या पत्र्यावर टाकलो.
पडल्याचं ऐकू आलं न्हाई, खाली धोटा चालू हुता.

शेजारच्या खाटेवर मोनाप्पा गुरव, नंदगडचे.
त्यांच्यात आड न्हवता, वाळवी हुती.
सहा दात, एक बी किडका न्हाई,
गार लावलं तर सगळेच ओरडले असते,
तरी हाडाबरोबर गेले.
पाटीवर लिहून दाखवलं:
दात चांगले हुते. खालची जमीनच गेली.
पाटी पुसली.
मग बोटं चादरीवर हलत ऱ्हायली,
सनईची भोकं शोधल्यागत.

घरी रोज रात्री, पाळी सुटल्यावर,
मिठाचं कोमट पाणी, बिनसुईची सिरिंज,
ट्यूबलाइटखाली पोराचं तोंड उघडं.
खिडकीतनं पिचकारी मारायची.
कधी भाताचं शीत येतंय, कधी चिरमुरा.
पाणी नितळ येईपर्यंत मारायची.
संक्रांतीला पाच मिली मावायचं.
पाडव्याला तीन.
मग कितीतरी आठवडे तीनच.
ताणा तुटला तर माग थांबवून
मी टोक हुडकतो, बोटानं चाचपून.
हितं बोट घालायचं न्हाई, बाईंनी बजावलेलं.
मला कापण्यापेक्षा तेच जड गेलं.

आषाढात एका रात्री पाणी आत गेलंच न्हाई.
उलटं माझ्या तोंडावर उडालं.
टॉर्च धरलो:
पांढरं, थोडं तिरकं,
दारात कोण आलंय म्हणून
खिडकीतनं डोकावल्यागत.
"काय झालं आई?"
"काय न्हाई. तोंड मिटू नको."

तपासणीला मोनाप्पा भेटले.
गाल आत गेलेला, शब्द ओले, घसरते.
"आ कर," म्हणाले.
लई येळ बघितले. आम्ही कोणच काय बोललो न्हाई.
मग पिशवीतनं पुडा काढला, गोकाकचा करदंट.
"नावातच दंत हाय बघ. मला जमंना झालंय.
तू खा. डाव्या बाजूनं, सावकाश."

समर्थनं उजव्या बाजूनं चावला.
कडाक्.
मोनाप्पा डोळे मिटून ऐकत हुते.