मागची गाडी

अकरा सायकली पुढे, मागे मी.
पांढरी व्हॅन, टपावर दोन जादा सायकली,
आत पाण्याची पिंपं, खारी बिस्किटं, बत्तीस केळी,
पंप, पट्ट्या, आणि कुणी हरलंच
तर बसायला मधली सीट.

माझं काम मोजायचं.
ट्रॉपिक गाव सोडताना अकरा.
हेन्रीव्हिलपाशी अकरा.
पुढे निळसर चिकणमातीच्या चढावर दहा,
मग वळणामागून, सावकाश,
एमेट लिंडक्विस्ट.

एकाहत्तर वर्षांचा. मिनेसोटाचा.
जन्मभर लोकांच्या घरचे पियानो सुरात लावले.
इतका हळू चढतो
की सरडा त्याच्याआधी रस्ता ओलांडतो
आणि परत येतो, विसरलेलं काही न्यायला.
मी काच खाली करते : बसता?
तो मान हलवतो. नाही.
दुसऱ्या दिवशी, श्वास सापडल्यावर, म्हणाला,
"बाई, तुमच्या इंजिनात आठातलं एक बेसूर आहे."
रात्री एस्कलांटेत माझ्या भावाने, थेल्डनने,
बॉनेट उघडून बघितलं.
होतं.

बाकीचे विचारतात, हे खडक किती जुने?
मी पाटीवरचा आकडा वाचून दाखवते.
गेरू, काव, हिंगूळ, भाजक्या विटेचा लाल,
एकावर एक थर, ते फोटो काढतात,
हेल्मेटखालून घाम त्यांच्या भुवयांत उतरतो.
मला ठाऊक आहे ते वेगळंच :
त्या समोरच्या घळीत आमची लाल कालवड अडकली,
त्र्याऐंशी साली, वरून लोंढा येत होता.
बापाने हातातला दोर सोडला नाही.
पाणी गेलं, कालवड गेली,
तो अंधार पडेपर्यंत दोरच धरून बसला.
हे पाटीवर नाही.

तंबूत रात्री नेब्रास्काच्या दोघी बहिणी
खुंट्यांवरून भांडल्या. कुणाचा गुडघा सुजला.
तारे होतेच.
त्यांच्याबद्दल सगळे एकदम बोलतात,
मग एकदम गप्प होतात, मला सवय आहे.

चौथा दिवस. हॉगबॅक.
रोड गाईच्या कण्यावरून रस्ता जावा तसा,
दोन्ही बाजूंना नुसती खोली.
वारा आडवा. दहाजण पार झाले, डोकी खाली घालून.
एमेट उतरला, सायकल हाताने ढकलू लागला.
मी गाडी पहिल्या गिअरात घातली,
वाऱ्याच्या अंगाला आणली,
आणि त्याच्या बाजूने चालीच्या वेगाने चालवत राहिले.
तो भिंतीच्या आडोशाला असल्यासारखा
माझ्या पत्र्याच्या सावलीत चालला.
मागे तीन मोटारी खोळंबल्या. खोळंबू देत.
आम्ही एक शब्द बोललो नाही.

पाचव्या दिवशी बोल्डर डोंगराच्या माथ्यावर
तो आपणहून आला, दार उघडलं,
मधल्या सीटवर नाही, माझ्याकडे हात केला :
किल्ली.
"पुढे उतार आहे," म्हणाला.
"दोन्ही ब्रेक एकदम. पुढचा हलक्या हाताने."

या रस्त्यावर मी गुरांचा ट्रक चालवला,
एकोणीस वर्षं शाळेची बस, मग ही व्हॅन.
ॲस्पेनच्या झाडांचा आवाज होतो
हे मला माहीत नव्हतं.
वास बदलतो, वळणावळणाला,
ओली साल, मेंढ्या, तापलेलं डांबर,
आणि समोर, खूप खाली,
सगळी लाल रांग उन्हात पडलेली,
काचेशिवाय.
बापाची आठवण आली आणि मी ब्रेक दाबला,
मग सोडला.
मागून हॉर्न. एकदाच, लांब.
सूर तपासत असावा.

टोरीच्या पंपावर गाईड पोरगा, जॅरम,
बोटाने मोजत होता.
अकरा, म्हणाला, बरोबर,
आणि केळं सोलायला लागला.