बंधारा क्रमांक चारचा खुलासा

साहेब,
पत्र मिळालं. दक्षिण सोलापूर, बंधारा क्रमांक चार
कोरडा का, हे सात दिवसांत कळवायचं आहे.

काँक्रीट बरोबर आहे. पाया खडकावर आहे, फोटो जोडलेत.
पाऊसही झाला. गौरीच्या आधी दोन रात्री
ओढा दोन्ही काठ धरून आला, भिंत भरली,
सरपंचांनी नारळ फोडला.
घटस्थापनेला मी गेलो तेव्हा
तळाला चिखलाच्या पापड्या, त्यांवर शेळ्यांची खुरं.

जागा मी नकाशावर निवडली.
तिथं ओढा गळा आवळल्यासारखा अरुंद होतो,
भिंत आखूड, खर्च कमी.
गट नंबर दोनशे बारा.

खुंट्या ठोकताना यल्लव्वा पुढ्यात येऊन उभी राहिली.
वडाराची. तिनं आणि नवऱ्यानं या शिवारात
एकोणतीस विहिरी फोडल्या.
त्याचा एक डोळा सुरुंगात गेला,
तिच्या उजव्या अंगठ्याला नख नाही.
अर्धं कानडी, अर्धं मराठी:
"साहेब, हितं नगं. वरच्या अंगाला बांध,
जांभळाच्या वळणाला. ह्यो दगड पाणी ठिवत न्हाई."
मी विचारलं, कशावरून?
तिनं पहार उचलली, खडकावर एकदा टाकली.
"ऐक की."
ऐकलं. पहारीचा आवाज.
वहीत त्यासाठी रकाना नव्हता.
म्हटलं, मावशी, सावलीत बसा.

ग्रामसभा झाली होती. ठराव आहे, अंगठे आहेत.
तिचाही आहे, डाव्या हाताचा,
उजव्याचा उठत नाही.

मोजमाप पुस्तकाचं शेवटचं पान भरताना
शाळू राखणाऱ्या पोराला सहज विचारलं,
या रानाला काय म्हणता रे?
"गळकं."
का?
"आज्जा म्हणतो. त्याचा आज्जा बी म्हणायचा."
सातबाऱ्यावर ते नाव नाही.
मी पेन्सिल खाली ठेवली, साहेब,
बराच वेळ ठेवली.

पाणी कुठं गेलं, तेवढं सांगता येतं.
दोन फर्लांग खाली परटांचा जुना आड आहे,
वीस वर्षं काट्या टाकून बुजवत आणलेला.
दिवाळीच्या आत त्यात दोन पुरुष पाणी चढलं.
मी पोचलो तेव्हा यल्लव्वा काट्या उपसत होती.
हसली नाही. बोलून दाखवलं नाही.
म्हणाली, "दोर आण."
मी जीपमधला आणून दिला. तो शासकीय आहे,
परत घेतलेला नाही, तशी नोंद व्हावी.

वसुली माझ्या पगारातून करावी, हरकत नाही.
फक्त पुढच्या नमुन्यात गट नंबरच्या शेजारी
एक रकाना वाढवावा: लोक काय म्हणतात.

जांभळाच्या वळणाचं अंदाजपत्रक
सोबत जोडलेलं नाही.
सोमवारी जातोय.
आधी ती पहार टाकेल.