बेगडेवाडीची उशी

टिळक रोडवरच्या वर्गात, पहिल्या दिवशी,
बाईंनी फळ्यावर लिहिलं:
स्टेशनला जपानीत म्हणतात 'एकी'.
मागच्या बाकावरून लगेच कुणीतरी, 'हेच बळ!'
सकाळ म्हणजे 'असा'. छत्री म्हणजे 'कसा'.
हसत हसत परीक्षा देत गेलो,
आणि मी दुभाषी झाले.

कासारवाडीला लोकल पकडते, बेगडेवाडीला उतरते,
पुढे कंपनीची बस, ती आली की.
मोरिशिता-सानना कंपनीने गाडी दिली होती.
ते महिन्याभरात लोकलचा पास काढून मोकळे.
खिशातल्या बारक्या वहीत रोज लिहायचे:
सात-बाराची गाडी. आली सात-एकोणीसला.
सात-सोळा.
सात-सव्वीस, म्हैस.
एकदा बरोबर सात-बारा;
तेव्हा त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं.

समोर पाटी घेऊन अनसूयाबाई काळोखे,
पिंपरीच्या मंडईला निघालेल्या.
'काय लिवतो गं ह्यो?'
सात-बारा, मी म्हटलं.
'कुनाच्या नावावर?'
याचं भाषांतर मला आजही जमलेलं नाही.

जानेवारीत सिमेंटचं बाकडं बर्फासारखं.
मोरिशिता-सान अर्धवट टेकले, उठले, मग बोलू लागले.
आमच्या गावच्या एकीला मास्तर नाही.
दोन डब्यांची गाडी, दिवसाला सहा खेपा,
तिकीट पेटीत टाकायचं नि आपलं आपण बाहेर पडायचं.
माझी आई आणि तीन शेजारणी
पाळीपाळीने फलाट झाडतात.
थंडी पडली की बाकड्यावर...
इथे त्यांनी हातांनी चौकोन केला, मऊ.

मी अनसूयाबाईंना सांगितलं: उशी.
ते एकदम दचकले. 'उशी?'
त्यांच्या भाषेत उशी म्हणजे गाय.
बाकड्यावर गाय. आई ती शिवतेय.
आठ महिन्यांत पहिल्यांदा मी त्या माणसाचे दात पाहिले.
'येडं का खुळं,' अनसूयाबाई म्हणाल्या,
आणि कारण कळल्यावर पदरात तोंड घालून
त्याही, पाटीतली मेथी सांडेपर्यंत.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं,
'कुनी नेत न्हाई व्हय उश्या?'
नेतात, ते म्हणाले. धुऊन परत आणून ठेवतात.

मार्चमध्ये ते गेले.
जाताना फलाटावरच सांगितलं,
आमची एकी पुढच्या वर्षी बंद होणार.
मी ते मराठीत आणलं नाही.
बस आली. मग आणलं.
अनसूयाबाई काहीच बोलल्या नाहीत,
नुसती मेथीची एक जुडी त्यांच्या बॅगेत कोंबली,
विमानात चालते की नाही कोण जाणे.

डिसेंबरात, एका सोमवारी,
बाकड्यावर उशी.
जुन्या इरकलीची, काठ वर आलेला,
आत कापूस कमी, चिंध्या जास्त.
गुरुवारी गेली.
मी वाट पाहिली. धुवायला दिवस लागतात, म्हटलं.
पुढच्या सोमवारी दुसरी आली,
सायकलच्या साखळीने बाकड्याला बांधलेली,
पाणपोईच्या पेल्यासारखी.
'इस्वास हाय,' अनसूयाबाई म्हणाल्या,
'पन साखळीबी हाय.'

तिच्यावर बसून मी त्यांना दोन ओळी लिहिल्या.
बेगडेवाडीत उशी आहे. गाय नव्हे.
आज गाडी सात-एकवीस.